कडीपाट: मांगरातल्या माळ्याचं गणित

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावच्या घरामागे चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, मांगर आहे; मांगर म्हणजे शेतीचा माल आणि अवजारं ठेवायची वेगळी खोली. आतून १० फूट रुंद, १८ फूट लांब, वर मंगलोरी कौलं. त्यातल्या १२ फुटांवर माळा घालायचा आहे. खाली लाकूडफाटा आणि ग्रासकटर, वर भाता-तांदळाची पोती, नारळ, आंब्याच्या रिकाम्या पेट्या. गणपतीत चाकरमानी जास्त झाले तर दोघे वर झोपतील. सुतार म्हणतो, चार बाय चार इंचांची लाकडं दोन-दोन फुटांवर टाकू आणि वर १२ मिलिमीटरचा प्लाय मारू. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, चार बाय दोनचे बॉक्स पाईप तीन फुटांवर आणि वर सिमेंट बोर्ड. ऐकायचं कोणाचं?

माझं उत्तर, दोघांचंही जसंच्या तसं नाही. सुताराचं लाकूड बरोबर आहे, आकार चुकला. फॅब्रिकेशनवाल्याचा आकार बरोबर आहे, अंतर चुकलं.

जुन्या घरांच्या वर्णनात ‘कडीपाट’ हा शब्द येतो. कडी म्हणजे आडवी लाकडं, पाट म्हणजे त्यांवरच्या फळ्या. दोन वस्तूंना मिळून एकच शब्द आहे आणि तो उगाच नाही. दोन कड्यांमधलं अंतर पाट ठरवतो. कडीची उंची ठरवते ती भिंतीपासून भिंतीपर्यंतची लांबी. ही दोन गणितं वेगळी आहेत, पण बहुतेक ठिकाणी मी पाहतो की ‘दोन फुटांवर टाकू’ एवढं एकच वाक्य दोन्हींसाठी वापरलं जातं. मग कधी कड्या मजबूत आणि मधला प्लाय पापडासारखा, नाहीतर पाट भक्कम आणि सगळा माळाच झोळीसारखा.

आधी वजन बघू. आपल्याकडच्या मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, राहत्या घराच्या खोल्यांना चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात आणि घरातल्या कोठीला ३००. तुम्ही दोघांना झोपवणार असलात तरी हा माळा कोठीच आहे, म्हणून ३०० धरा. चौरस फुटाला ते साधारण २८ किलो होतात. आता पोत्यात मोजा. ५० किलोचं पोतं आडवं टाकलं की सहाएक चौरस फूट जागा घेतं. एकावर एक तीन पोती म्हणजे चौरस फुटाला २५ किलो, चार म्हणजे ३३. थोडक्यात, तिनाची थप्पी चालेल, चाराची नाही. हा आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवा, कारण पोती रचणारा गडी तुमचं गणित वाचायला येणार नाही. आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचं वजन धरूसुद्धा नका. नारळाचं मात्र धरा. हजार नारळ सोललेले असले तरी पाच-सहाशे किलो सहज भरतात, आणि सोडणासकट असतील तर त्याच्या दुप्पट.

एक जमेची गोष्ट आहे. तुमच्या मांगराचं आढं लांबीच्या दिशेने आहे, म्हणजे छप्पर मधे उंच आणि दोन्ही लांब भिंतींकडे उतरतं. माणूस चालणार मधून, पोती जाणार कडेला, जिथे डोकं लागतं तिथे. कड्या या लांब भिंतींवरच टेकणार, त्यामुळे जड माल आपोआप टेकूजवळ येतो आणि मधल्या नाजूक भागावर फक्त चालणारा माणूस राहतो. तेव्हा कड्या आडव्याच टाका, १० फुटांच्या दिशेने. १२ फुटांच्या दिशेने टाकायचा विचार कोणी सुचवला तर तिथेच थांबवा.

आता कडी. १० फुटांच्या गाळ्यावर, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतरावर, पूर्ण भार (माल आणि माळ्याचं स्वतःचं वजन) आला तर कडीला मधे किती पोट येईल, हे मी सागाच्या ताठपणावर काढलं आहे. सुताराची चार बाय चार, दोन फुटांवर: जवळपास ३० मिलिमीटर, म्हणजे नऊ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सव्वा इंचाला थोडं कमी. लाकूड मोडेल असं मी म्हणत नाही, पण सोसायच्या मर्यादेवर जाऊन बसेल आणि माळ्यावरून चालताना पोती हलतील. त्याऐवजी दोन इंच जाड आणि सात इंच उंच कडी घ्या आणि १६ इंचांवर उभी ठेवा. त्याच भाराला पोट येतं सव्वा सात मिलिमीटर, सव्वादोन सूत. लाकूडकामाचं मानक साध्या जमिनीला लांबीच्या २४० व्या भागापर्यंत झोळ चालवून घेतं. तुमचा गाळा १२० इंच, म्हणजे अर्धा इंच, म्हणजे चार सूत. खाली जिप्समचं सीलिंग किंवा वर टाइल असेल तर ३६० वा भाग, म्हणजे पाव इंचाहून थोडं जास्त. दोन बाय सात दोन्हींत बसते. चार बाय चार एकातही नाही.

गंमत लाकडाच्या हिशोबात आहे. चार बाय चारचा छेद १६ चौरस इंच, दोन बाय सातचा १४. एका कडीत लाकूड कमी आणि काम जास्त, कारण जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पटच होतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट. हे ज्याच्या डोक्यात बसलं तो आयुष्यात कडी आडवी टाकणार नाही. तुमच्या १२ फुटांत १६ इंचांवर १० कड्या बसतात. भिंतीतला टेकू धरून ११ फुटांची एक, म्हणजे एकूण पावणेअकरा घनफूट. सुताराच्या हिशोबाने दोन फुटांवर ७ नग चार बाय चारचे, साडेआठ घनफूट. फरक दोन-सव्वादोन घनफुटांचा, आणि झोळ पावपट.

तोंडी लक्षात ठेवायचं असेल तर माझा ठोकताळा असा: गाळ्याचे फूट निम्मे करा, त्यात दोन मिळवा, तेवढे इंच उंची. ८ फुटांना ६ इंच, १० ला ७, १२ ला ८. कडी दोन इंच जाड, अंतर १६ इंच आणि लाकूड साग किंवा त्याच्या तोडीचं असेल तर हा ठोकताळा कोठीच्या भारालाही पुरतो. १४ फुटांच्या पुढे मी तो वापरत नाही. तिथे मधे भाल, म्हणजे जाड आडवी तुळई, टाकून गाळा तोडणं स्वस्त पडतं.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत कुडाळजवळच्या एका गावात असाच मांगर केला होता. मालकाला खाली डोकं लागायला नको होतं, म्हणून फणसाची चार बाय तीनची लाकडं मी चक्क निजवली. उंची एक इंच वाचली, मालक खूश, मीही खूश. दिवाळीत भात वर चढलं. शिमग्याला पालखी नाचवायला गेलो तर मालकाच्या म्हाताऱ्या आईने हात धरून मांगरात नेलं आणि वर बोट दाखवून विचारलं, ‘माळो पोटुशी झालो काय रे?’ दोन बोटं झोळ होता. पोती उतरवली तरी तो पूर्ण गेला नाही. लाकडावर वजन महिनोन्‌महिने बसून राहिलं की सुरुवातीला आलेलं पोट हळूहळू दीडपट-दुप्पट होतं, आणि लाकूड ओलं असेल तर लवकर होतं. शेवटी मधे खांब मारून दिला, माझ्या पैशाने.

म्हणून कागदावर चार सुतांत बसणारी कडी मी घेत नाही, दोन-अडीच सुतांत बसणारी घेतो. उरलेली जागा काळासाठी.

दोन बाय सातमध्ये एक खोड आहे. उंची जाडीच्या तिपटीहून जास्त झाली की कडी कुशीवर वळायला बघते. त्यासाठी कड्यांच्या मधे त्याच उंचीचे ठोकळे घट्ट ठोकायचे, १० फुटांत दोन ओळी, एका भिंतीपासून ४ आणि ८ फुटांवर. हे ४ आणि ८ मी कुठून आणले ते पाटाकडे आलो की कळेल. ठोकळे टाकले की माळ्याची थरथरही बरीच कमी होते, कारण एका कडीवर पडलेलं पाऊल शेजारच्या दोघींना वाटून जातं. लाकूड अडीच इंच जाडीचं मिळत असेल तर सरळ अडीच बाय सात घ्या, वळण्याचा प्रश्नच मिटतो.

लाकूड कुठलं? साग उत्तम, पण मांगराच्या माळ्याला नवा साग घालणं म्हणजे गोठ्याला संगमरवर. ऐन आणि किंजळ हे कोकणातल्या जुन्या घरांचे खरे भारवाहक आहेत. ऐन सागाहून जड आणि कणखर आहे, फक्त करवतीला आणि खिळ्याला त्रास देतो, आधी भोक पाडल्याशिवाय खिळा घेत नाही. फणसाला रंग सुंदर आणि वाळवीही त्याला सहसा लागत नाही, पण ताठपणात तो थोडा मागे, म्हणून फणसाची कडी असेल तर उंची एक इंच वाढवा. आंबा कड्यांना नको. फळ्यांना चालेल म्हणतात, मी तोही घालत नाही. दोन पावसाळ्यांत त्यातून पीठ पडायला लागतं आणि ते नेमकं खालच्या माणसाच्या ताटात पडतं. आकेशिया हल्ली सगळीकडे मिळतो, ताकदीला ठीक आहे, पण वाळताना पिळतो. कापून वर्षभर सावलीत, मधे पट्ट्या घालून रचलेला असेल तरच घ्या.

घरचं झाड तोडायचा विचार असेल तर आधी वन खात्याची परवानगी. ऐन, किंजळ, फणस, आंबा, साग हे सगळे महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी. आणि परवानगी मिळाली तरी ओलं लाकूड या वर्षी कामाचं नाही.

माझी पहिली पसंती जुन्या लाकडाला. सिंधुदुर्गात दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे मातीचं घर पाडून स्लॅबचं उभं राहतं आणि त्याची भालं, वासे वखारीत येतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं ऐन-किंजळ, जे पिळायचं ते पिळून झालेलं. दोनच गोष्टी बघा. भिंतीत गाडलेली टोकं एक-एक फूट कापून टाका, कीड आणि कुज तिथेच असते. आणि कापायला देण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. आरा गिरणीवाल्याचं पातं तुमच्या खिळ्याने गेलं तर तो पुढच्या वेळी तुमचं लाकूड आत घेणार नाही. पटाशीच्या टोकाने दर फुटावर टोचून बघा. आवाज टणक हवा, आणि टोक सहज आत गेलं तर ते लाकूड चुलीचं.

आता फॅब्रिकेशनवाल्याचं म्हणणं. चार बाय दोनचा ३ मिलिमीटर जाडीचा बॉक्स उभा ठेवला तर ताठपणात तो सागाच्या दोन बाय सातच्या बरोबरीला येतो. आणि उंची फक्त चार इंच, म्हणजे खाली तीन इंच डोकं वाचतं. म्हणून आकार बरोबर म्हणालो. पण तीन फुटांवर टाकला तर पूर्ण भाराला साडेपंधरा मिलिमीटर झोळ येतो, अर्ध्या इंचाच्या वर. १६ इंचांवर टाकला तर सात मिलिमीटर. तेव्हा लोखंड करायचं तर नग तेवढेच लागतील, १०. शिवाय पाईप खरोखर ३ मिलिमीटरचा आहे का, ते कॅलिपरने तोंडाशी मोजा. १.६ चा पाईप रंगवून आला की बाहेरून सारखाच दिसतो.

समुद्र किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात असाल तर बॉक्स आतून गंजतो, आणि आतलं दिसत नाही. वेंगुर्ल्याकडे एका पडवीचा पाईप मी हातोडीने सहज ठोकला तर हातोडी आत गेली, बाहेरचा रंग शाबूत. लोखंड वापरायचंच तर दोन्ही तोंडं पूर्ण वेल्डिंगने बंद करा, वेल्डिंगच्या जागी घासून झिंकचा प्रायमर द्या, आणि भिंतीत गाडू नका. अँगलच्या ब्रॅकेटवर ठेवा, म्हणजे पुढे बघता येईल. माझ्या मते मांगराला लाकूडच बरं. ते खराब होतं तेव्हा निदान सांगून होतं.

पाटाकडे येऊ, कारण १६ इंच हा आकडा तिथून आला आहे. प्लायचा पत्रा ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. दोन्ही १६ ने पूर्ण भागतात. १८ इंचांवर कड्या टाकल्या तर प्लायचा सांधा हवेत येतो आणि प्रत्येक पत्रा कापावा लागतो. २४ नेही भागतात, पण १२ मिलिमीटरच्या प्लायला २४ इंच म्हणजे अन्याय. १२ चा १९ मिलिमीटर केला तर ताठपणा चौपट होतो. अंतर २४ वरून १६ वर आणलं तर झोळ पाचपट कमी होतो. दोन्ही केलं तर वीसपट. सुताराच्या प्रस्तावात वाचणारे पैसे या वीसपटीपुढे काहीच नाहीत. १९ मिलिमीटरचा, आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या आणि शिक्का पत्र्यावर बघा, बिलावर नव्हे.

पत्रा लांबीने कड्यांना आडवा टाकायचा, म्हणजे वरच्या पापुद्र्याच्या रेषा कड्यांना काटकोनात येतात. उलटा टाकला तर तोच प्लाय निम्म्याने मऊ लागतो. हे इतक्यांदा चुकलेलं पाहिलंय की सुतार वर चढला की मी खालून ओरडतोच. पत्र्याची ८ फुटांची कड दोन कड्यांच्या मधे अधांतरी राहते, आणि पाय नेमका तिथे पडला की करकरते. ती कड कुठे येते? भिंतीपासून ४ आणि ८ फुटांवर. ठोकळ्यांच्या दोन ओळी तिथेच टाकायला सांगितलं ते म्हणून. कडीलाही आधार, प्लायलाही.

एक बारीक चूक जवळून बघा, कारण ती झाली की सगळा दिवस जातो. पहिली कडी भिंतीलगत येते आणि प्लायची कड तिच्या बाहेरच्या अंगापासून सुरू होते. सुतार दुसरी कडी पहिलीच्या मध्यापासून १६ इंचांवर लावतो. तिसरी, चौथी तशीच. सातव्या कडीवर पत्रा संपायला हवा, तर तो तिच्या मध्याच्या एक इंच अलीकडे, म्हणजे कडीच्या नेमक्या धारेवर संपतो, स्क्रू मारायला काहीच राहत नाही. मोजायचं पत्र्याच्या कडेपासून: पहिल्या कडीच्या बाहेरच्या अंगाला टेप लावा आणि तिथून १६, ३२, ४८ अशा खुणा एकाच ताणलेल्या टेपवर करा, आणि खुणेवर कडीचा मध्य आणा. एकेक अंतर वेगळं मोजत गेलात तर सूत-सूत चूक साठत जाते. पहिली कडी भिंतीला चिकटवायची नाही. दोन बोटं हवा ठेवा, झाडू घालता आला पाहिजे, नाहीतर वाळवीला मागून रस्ता तुम्हीच बांधून दिला.

सिमेंट बोर्ड वाईट नाही. वाळवी नाही, पाण्याची भीती नाही. पण १८ मिलिमीटरचा एक पूर्ण पत्रा ७० किलोच्या आसपास जातो आणि शिडीवरून दोघांना चढवताना घाम फुटतो. मुख्य म्हणजे तो वाकून सांगत नाही, एकदम तडकतो. पलंगाचा पाय, नारळाच्या ढिगाचा धक्का, वरून टाकलेलं पोतं, हे सगळं त्याला एका ठिकाणी लागतं. तीन फुटांच्या अंतरावर तर मी त्यावर स्वतः उभा राहणार नाही. वापरायचाच तर १६ इंच आणि सगळ्या कडा आधारावर.

सगळा माळा एकाच पाटाचा हवा असं कोणी सांगितलं? तुमच्या १२ फुटांचे मी दोन भाग करीन. शिडीकडचे ८ फूट प्लायचे, म्हणजे १० फुटांच्या रुंदीला दोन पूर्ण पत्रे आणि एकाची दोन फुटी पट्टी. सांधा फक्त लांबीच्या कडेला, मधे एकही तोड नाही. तिथे पोती आणि पाहुणे. मागचे ४ फूट नारळासाठी. तिथे दोन इंची रिपा, मधे एक-एक बोट फट. पोफळीच्या रिपा मिळाल्या तर उत्तम, नाहीतर कड्यांच्या उरलेल्या लाकडाच्या. जाडी सहा सूत ठेवा, प्लायच्या बरोबर येते आणि अंगठा ठेचत नाही. नारळाला खालून वारा लागला की बुरशी धरत नाही, सोडणाचा चुरा खाली लाकडांवर पडतो, त्याला पडू दे. जुन्या लोकांनी माळे माणग्याच्या, म्हणजे बांबूच्या, कांबींचे केले ते गरिबीमुळेच असं नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत बंद माळा म्हणजे मालाला झाकण.

कोणाला प्लायऐवजी फळ्याच हव्या असतील तर एक इंची, रंधून सात सूत राहणाऱ्या, १६ ते १८ इंचांवर छान बसतात. सहा इंची फळी मे महिन्यात अगदी भिडवून मारू नका. आषाढात ती अर्धा-एक सूत फुगते, आणि वीस फळ्या मिळून कुठेतरी उठतातच. मधे अर्धा सूत सोडा. पावसाळा संपताच बसवल्या तर भिडवून चालतील, उन्हाळ्यात फट पडेल ती पडेल.

भिंत. चिरा दाबाला दगडच आहे. एका कडीच्या टोकाला सव्वादोनशे-अडीचशे किलो येतात, त्याला चिरा हूं म्हणत नाही. हूं म्हणतो तो मातीचा सांधा. जुनी भिंत मातीत रचलेली असेल तर कडी सरळ चिऱ्यावर ठेवू नका. भिंतीच्या आतल्या अंगाला, सगळ्या लांबीभर चार बाय तीनचं एक लाकूड किंवा चार इंची काँक्रीटचा पट्टा फिरवा आणि कड्या त्यावर. टेकू निदान तीन इंच, म्हणजे चार बोटं. भिंतीत घुसणाऱ्या टोकाला तिन्ही बाजूंनी अर्धा इंच हवा सोडा, गिलाव्याने ते भोक बुजवणाऱ्या गवंड्याचा हात धरा. टोकाला काजूच्या टरफलाचं तेल दोन हात द्या. मात्र हातमोजे घालून, ते कातडीला लागलं तर फोड येतात. वरच्या पाटाला ते लावू नका, वर धान्य आहे. वाळवीचं औषधही कड्यांवर फवारू नका, भिंतीच्या बुडात आणि जमिनीत द्या.

छपराच्या जुन्या भालांवर माळ्याचं वजन टाकायचा मोह होईल, कारण ती आयती तिथे असतात. ती भालं भिंती बाहेर ढकलल्या जाऊ नयेत म्हणून ताण घेतात. त्यांना वरून पोती दिली की दोन्ही कामं एकदम करावी लागतात, आणि कौलांची ओळ कुठे सरकली ते तुम्हाला पहिल्या पावसात कळतं.

वर जायची जागा एका लांब भिंतीला लागून काढा, अडीच फूट बाय तीन. १६ इंचांच्या अंतरात ती बसणार नाही, एक कडी तोडावी लागेल. तोडलेल्या कडीचं टोक आडव्या लाकडावर टेकवा, आणि ते आडवं लाकूड ज्या दोन शेजारच्या कड्यांवर येतं त्या दोन्ही दुहेरी करा. माळे मोडतात ते बहुतेक इथेच, मधे नाही. म्हणून वरची १० कड्यांची यादी १२ ची करा. मोकळ्या कडेला कमरेएवढा कठडा. झोपणारे दोघे रात्री उठणार आहेत आणि त्यांना मांगराची सवय नाही.

स्क्रू दोन इंची, किनाऱ्याजवळ असाल तर स्टेनलेसचे, कडेने सहा इंचांवर आणि मधे फूटभर अंतरावर. नुसते खिळे मारले तर दुसऱ्या उन्हाळ्यात माळा बोलायला लागतो. वायर पाइपातूनच न्या. पेंढा वर ठेवणार नाही असं तुम्ही म्हणता, पण ठेवाल, आणि उंदीर आधी वायरच कुरतडतो.

काम दसऱ्यानंतर काढा. भिंती सुकलेल्या असतात आणि भात मळून वर चढायच्या आत सुताराला दोन आठवडे मिळतात. कड्या बसल्या आणि पाट अजून मारला नाही, त्या संध्याकाळी एका भिंतीपासून दुसरीपर्यंत दोरी ताणून प्रत्येक कडीचं पोट बघा. लाकडाला थोडा बाक असतोच. तो ज्या अंगाला आहे ते अंग वर करा, भार आला की सरळ होतं.